टीव्हीतल्या बायकांचे गुडघे

दुपारी आईकडे नौपाड्यात गेले होते, तिची सिरियल चालू होती, आवाज खाली रिक्षावाल्यांना ऐकू जाईल एवढा. सिरियलमधली आजी म्हणजे केसात एकच पांढरी बट, भर दुपारी घरात भरजरी साडी. फोन वाजला आणि बाई सोफ्यावरून अशी ताडकन उठली की मी बघतच राहिले. कुठे हात टेकणं नाही, काही नाही.

तेव्हापासून मला चाळाच लागलाय. स्टोरी गेली खड्ड्यात, म्हाताऱ्या बायका उठतात कशा तेवढंच बघते. एकीच्याही तोंडून "आई गं" निघत नाही. चष्मा डोक्यावर ठेवून कोणी घरभर शोधत नाही, जिन्याच्या वळणावर भाजीची पिशवी खाली ठेवून शेजारणीशी उगाच बोलत उभी राहत नाही (आईच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, गप्पा सगळ्या त्या वळणावरच होतात).

माझी आजी खाली बसून तांदूळ निवडायची. उठायचं झालं की आधी ताट लांब सरकवायची, मग एक हात जमिनीला, दुसरा पलंगाच्या कडेला, मध्येच थांबून "विठ्ठला", आणि उभी राहिली की पदर असा झटकायची जसं काही झालंच नाही. मदतीला गेलं तर ओरडायची.

अर्थात पडद्यावरच्या आयांना उठायला त्रास होणार तरी कशाला? 1989 ला 'मैंने प्यार किया'मध्ये सलमानची आई झाली तेव्हा रीमा लागू एकतीस वर्षांची होती. दहा वर्षांनी 'वास्तव'मध्ये संजय दत्तची आई, आणि तो तिच्याहून जेमतेम एक वर्षाने लहान! 'दीवार'च्या निरुपा रॉय अमिताभपेक्षा अकराच वर्षांनी मोठ्या. केसांना पावडर फासली की झाली आई, गुडघे तरुणच.

2023 ला 'बाईपण भारी देवा' आला तेव्हा ठाण्यातल्या मॉलमध्ये बायकांचे गजरे माळलेले घोळकेच्या घोळके. इंटरव्हलला त्या खुर्चीचे हात धरून, एकमेकींना आधार देत, हसत उठत होत्या. हा सीन कोणीतरी घ्यायला हवा होता खरंतर.

आजीचा राग मात्र ललिता पवारवर. ती दिसली की "आली कैदाशीण". आणि आम्ही पोरं आरशासमोर एक डोळा बारीक करून सासू सासू खेळायचो. 1942 मध्ये शूटिंगच्या वेळी ललिता पवारला सहकलाकाराची थप्पड जोरात बसली, चेहऱ्याला लकवा, कितीतरी दिवस उपचार, डावा डोळा तो तसाच राहिला, हिरॉइनची कामं संपली. पंचविशी नुकती ओलांडलेली तेव्हा तिने. पुढे बहुतेक खाष्ट सासवा, आणि सत्तरीत 'रामायण'मध्ये मंथरा. तिथे कुबड खोटं होतं, डोळा तेवढा खरा.