पन्नास मीटर

रविवार, रात्र

"एकदम सेफ चलाया, मॅम."

तीन दिवस झाले, डोक्यातून जात नाही. वाईट काय बोलला तो ट्रेनर? काहीच नाही. हेल्मेट काढायला मदत केली, पाण्याची बाटली दिली, वर अंगठा दाखवला. गॅदरिंगमध्ये नाच विसरून उभ्या राहिलेल्या पोरीला लोक जास्तच टाळ्या देतात, तसल्या टाळ्या होत्या त्या.

पैसे धाकट्याने भरले. आकडा लिहीत नाही, वन्सं वाचतात.

ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट. फॉर्म्युला वनच्या मोटारशर्यती इथं तीनच वर्षं झाल्या, २०११ ते २०१३. पहिल्या वर्षी सरावाच्या वेळी ट्रॅकवर कुत्रं आलं आणि सगळ्या गाड्या थांबवाव्या लागल्या, हे मला तेव्हापासून पाठ आहे, कारण ह्यांनी ते महिनाभर येईल त्याला ऐकवलं होतं. आता स्टँड रिकामे. एवढ्या खुर्च्या बघायला, आणि बघणारं कोणी नाही. म्हटलं, बरंच आहे.

गाडी पोर्शे ९११, पिवळी धमक. डोक्याला आधी ती पातळ कापडी टोपी, डोळेच काय ते उघडे, वर हेल्मेट. आरशात बघितलं तर पुण्यात स्कार्फ बांधून स्कूटरवर निघालेली मीच. ट्रेनर शेजारच्या सीटवर. हात घड्याळात पावणेतीन वाजतात तसे ठेवा. ब्रेक गाडी सरळ असतानाच, वळणात नाही. वळण बाहेरून घ्या, आतल्या कडेला जिथे नारिंगी कोन ठेवलाय तिथे शिवून पुन्हा बाहेर. आणि वळणात घाबरून ॲक्सलरेटर एकदम सोडायचा नाही, ह्या गाडीचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असतं. सगळा भार पुढे झुकतो, मागची चाकं हलकी होतात आणि गाडी फिरते. मी सगळं ऐकलं. सगळं केलं. कोनसुद्धा एकही पाडला नाही.

फक्त ती पाटी.

तिसऱ्या वळणातून बाहेर पडलं की एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा. शेवटी उजवीकडे वळण, त्याच्या आधी, वळण किती मीटरवर ते सांगणाऱ्या २००, १५०, १०० अशा पाट्या. "डेढसौ पे ब्रेक," तो म्हणाला. पहिल्या फेरीला मी दोनशेच्या पाटीलाच दाबला. तो म्हणाला, चलेगा. दुसऱ्या फेरीला ठरवून गेले, ओठ आवळून. काट्यावर १८७. पाटी दिसली आणि पाय उचलला गेला. उचलला नाही मी. उचलला गेला. तिसऱ्यालाही तेच. चौथ्यालाही.

काल हिशेब केला. ताशी १८७ म्हणजे सेकंदाला जवळजवळ ५२ मीटर. म्हणजे दोनशे ते दीडशे हा पुरता एक सेकंदसुद्धा नाही. एवढंसं थांबायचं होतं. मी, जी सव्वीस वर्षं गॅसपुढे दूध उतू जाईपर्यंत थांबते.

सिन्नरनंतर घरात माझ्या गाडी चालवण्याबद्दल कोणी बोलत नाही. ते असो.

सारखी स्वतःला विचारतेय की सलतंय नक्की काय. भीती? नाही, भीती वाटलीच नाही, हीच तर गंमत. भीती वाटायच्या आतच पाय मोकळा. मला विचारलंसुद्धा नाही त्याने. आणि मग तो पाय दाबून धरायला सांगणारा माणूस म्हणतो, सेफ.

माझ्यानंतर काळ्या टी-शर्टातला एक मुलगा बसला. फेऱ्या मारून ते दोघं पिटमध्ये, म्हणजे गाड्या थांबतात तिथे, परत आले तेव्हा ट्रेनर दरवाजा उघडण्याआधीच ओरडत होता, "मरवाएगा क्या भाई?" मुलगा हसत होता. तापलेल्या ब्रेकचा जळका वास सुटलेला. मला त्या मुलाचा हेवा वाटला, वेगाचा नाही, शिवीचा. मला कोणी ओरडलंच नाही. गाडी थांबवल्यावर सवयीने पार्किंग ब्रेकचं बटण चाचपायला लागले, तेव्हासुद्धा, "नहीं मॅम, ब्रेक गरम हैं, अभी नहीं लगाते," इतक्या हळू आवाजात, की सासूबाईंना गोळी देताना मी वापरते तो आवाज.

२०१३ला फॉर्म्युला वनच्या वेट्टेलने चौथं जागतिक विजेतेपद इथंच पक्कं केलं, मुख्य स्टँडसमोर गाडी गरागरा फिरवली, धुराचा लोट काढला आणि उतरून गाडीपुढे गुडघे टेकून वाकला. त्यापायी दंड झाला. म्हणजे बघा, जगज्जेत्यालाही नियमबाह्य म्हणतात. मला नाही.

लिहिता लिहिता हसू येतंय. वय वर्षं बावन्न, आणि तक्रार काय, तर कोणी रागावत नाही.

आज सकाळी वॅगन आर काढून मंडईला निघाले होते. पौड फाट्याचं वळण आलं आणि हात आपोआप पावणेतीनला. बाहेरची लेन धरली, आतल्या कडेला अगदी दुभाजकाला शिवून निघाले. वेग किती? तीस असेल. मागून स्कूटरवाला कचकन ब्रेक दाबत ओरडला, "ओ काकू, रस्ता काय बापाचा आहे का?"

काच खाली केली आणि म्हटलं, "थँक यू."

त्याला टोमणा वाटला. आणखी चार शब्द ऐकवून गेला. कोथिंबीर आणायची राहिलीच.