मॅजिस्ट्रेटच्या रिपोर्टनंतरचे १४ दिवस

अमेरिकेच्या फेडरल कोर्टात सिव्हिल केस आहे आणि मॅजिस्ट्रेट जज (डिस्ट्रिक्ट जजच्या मदतीला असलेला न्यायाधीश) विरोधात गेला, तर हातपाय गाळू नका पण आधी तारीख बघा. कुठली कागदपत्रं द्यायची असल्या डिस्कव्हरीच्या, म्हणजे ट्रायलआधी एकमेकांकडून पुरावे मागवण्याच्या, भांडणात तो स्वतःच ऑर्डर काढतो, आणि डिस्ट्रिक्ट जज ती उघड चुकीची किंवा कायद्याविरुद्ध असेल तरच बदलतो. पण डिसमिस (केस काढून टाकणं) किंवा समरी जजमेंट (ट्रायलशिवाय निकाल) असा केसच संपवणारा अर्ज असेल तर फेडरल सिव्हिल प्रोसिजरच्या रूल ७२ प्रमाणे मॅजिस्ट्रेट रिपोर्ट देऊन फक्त शिफारस करतो, आणि ज्या भागावर तुम्ही आक्षेप घेतलाय तो डिस्ट्रिक्ट जजला नव्याने तपासावाच लागतो.

खरी मेख आक्षेपातच आहे. १४ दिवसांत लेखी द्यायचा, आणि 'रिपोर्ट मान्य नाही, आमचं आधीचंच म्हणणं बघा' एवढ्याने भागत नाही, कुठल्या पानावरचा कुठला निष्कर्ष का चुकला ते बोट ठेवून सांगायचं. गप्प बसलात तर बऱ्याच सर्किटमध्ये (फेडरल अपील कोर्टांच्या विभागांत) अपिलाची वाटही बंद होते, १९८५ च्या थॉमस विरुद्ध आर्नमध्ये सुप्रीम कोर्टाने तशी मुभा दिलीय. वकील नसलेली माणसं नेमकी इथेच अडकतात, मला याचं फार वाईट वाटतं.