जन्मवर्ष 2004

आज रामबागेत दादाकडे जेवायला गेले होते. पानं उचलली तशी भाची फोन घेऊन आली, "आत्या, जागा मोकळी करून दे ना, फोटो निघत नाहीयेत." करता करता तिच्या सोशल मीडियाच्या अकाउंटवर नजर गेली. जन्मवर्ष 2004. पोरगी 12 वर्षांची, सातवीतली!

"वर्गात सगळ्यांनी असंच टाकलंय."

खाली कुणा अनोळखी माणसाचा मेसेज, रात्री पावणेबाराचा : हाय, कुठल्या शाळेत आहेस? माझ्या पोटात गोळाच आला. तिने उत्तर दिलं नव्हतं, एवढंच नशीब.

ऑस्ट्रेलियात 10 डिसेंबर 2025 पासून 16 वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियावर अकाउंट ठेवता येत नाही. मला त्यातलं सगळ्यात पटतं ते हे, की दंड कंपनीला होतो, 4.95 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. मुलाला नाही, आईबापांना नाही. आपल्या 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 खालच्यांसाठी पालकांची संमती आहे, पण 2004 लिहिणाऱ्या मुलीच्या पालकांना विचारणार कोण?

वहिनी म्हणाली, मुलं पळवाटा काढतीलच. काढतील काही. पण आज रोज रात्री फोन हिसकावून तीच एकटी वाईट ठरते. कायदा असेल तर निदान "सगळ्यांकडे आहे" हे तरी ऐकावं लागणार नाही.

अकाउंट आम्ही दोघींनी मिळून बंद केलं. पोरगी खूप रडली. "उद्या वर्गात सगळे त्याच्यावरच बोलतील, मी काय करू?" मी तिला नुसतं जवळ घेऊन बसले.