फेब्रुवारीचे तीनशे रुपये

पगाराच्या सॉफ्टवेअरवर काम करतो म्हटलं, की टीममध्ये नवीन आलेलं कुणीतरी हमखास विचारतं, "नियम सरळ कोडमध्ये लिहिले तर बिघडलं कुठे? वेगळे ठेवायचा खटाटोप कशाला?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

महाराष्ट्रातला व्यवसाय कर घ्या. पुरुष कर्मचाऱ्याचा पगार महिना 10 हजारांवर असेल तर दरमहा 200 रुपये कापायचे, फेब्रुवारीत मात्र 300. राज्यघटनेच्या कलम 276 नुसार वर्षाला जास्तीत जास्त 2500 घेता येतात आणि बारा महिन्यांचे होतात 2400. उरलेले शंभरही सरकारनं सोडले नाहीत! आता कोडमध्ये नुसतं 'महिना दोन असेल तर तीनशे' एवढंच दिसलं, तर नव्या माणसाला ती चूक वाटणारच.

1 एप्रिल 2023 पासून महिलांची करमाफीची मर्यादा 10 हजारांवरून 25 हजारांवर गेली. नियम कोडभर विखुरलेला असेल तर पगारपत्रकात, थकबाकीत, फुल अँड फायनलमध्ये (नोकरी सोडणाऱ्याच्या अखेरच्या हिशेबात), रिपोर्टांत शोधत बसा. एखादी जागा राहतेच. बरं, जुना आकडा खोडून नवा लिहिला की संपलं, असंही नाही. त्या मे महिन्यात कुणाचा फेब्रुवारीचा पगार पुन्हा काढायची वेळ आली तर जुनीच मर्यादा लागते. म्हणून तक्ता करायचा: कुणाला, किती पगाराला, कोणत्या महिन्यात, किती कर, आणि कधीपासून कधीपर्यंत. या तारखांचे रकाने माझ्या लेखी सगळ्यांत मोलाचे.

त्यासाठी ड्रूल्ससारखं रूल इंजिन, म्हणजे नियम कोडबाहेर ठेवून चालवणारं तयार सॉफ्टवेअर, लागतंच असं नाही, डेटाबेसमधलं एक टेबल पुरतं. नियम शेकड्यांनी असतील आणि एकमेकांत गुंतलेले असतील, तर इंजिनाचा विचार करा. 'मग एचआरवाले स्वतःच नियम बदलतील' हे विकणाऱ्यांचं बोलणं मी फारसं मनावर घेत नाही. बदल कुणीही केला तरी टेस्ट चालवाव्याच लागतात. पण एचआरवाल्यांना तक्ता वाचता येतो, अधिसूचना शेजारी ठेवून ताडून पाहता येतो. कोड त्यांनी कसा वाचावा?

सगळंच बाहेर काढायच्या मात्र मी विरोधात आहे. बदलाचा निर्णय मंत्रालयात होणार असेल तर तक्त्यात, आमच्या टीममध्ये होणार असेल तर कोडमध्ये, अशी माझी वाटणी. सुटे पैसे पूर्ण रुपयात करायचा (राउंडिंगचा) नियम कुठे ठेवायचा, यावर आमचं भांडण अजून चालू आहे.