जाड काच, पातळ काच

जाड बुडाच्या काचेच्या पेल्यात उकळते पाणी ओतले की तो फुटतो आणि शेजारचा पातळ पेला मात्र शाबूत राहतो, हे स्वयंपाकघरातले जुने कोडे मला काच कोरू लागल्यावर उलगडले. काचेतून उष्णता फार सावकाश जाते. त्यामुळे जाड पेल्याची आतली बाजू तापून प्रसरण पावते तेव्हा बाहेरची अजून गारच असते, आणि त्या ओढाताणीत तडा जातो. मग 12 मिलिमीटर जाडीच्या ज्या काचेवर वाळूच्या माऱ्याने 6 मिलिमीटर खोल पान कोरलेले असते, तिचे काय होत असेल? जाड पेला आणि पातळ पेला तिच्या एकाच अंगात असतात.

अशी कोरलेली सपाट काच भट्टीत तापवून मऊ केली की ती खालच्या साच्यात वाकून बसते आणि तिची थाळी होते. माझी पहिली थाळी पानाच्या देठातूनच दुभंगली. अशा वेळी हळहळ बाजूला ठेवून फुटीची कड नीट पाहावी. ती वितळून गोलसर झालेली असेल तर काच तापतानाच फुटलेली असते; धारदार असेल तर निवताना. माझी कड पात्यासारखी होती. म्हणजे 670 अंशांना साच्यात अगदी सुरेख बसलेली काच मी परतीच्या वाटेवर घालवली होती. पातळ पान आधी निवून आकसू पाहत होते, भोवतालची जाड काच त्याला आकसू देत नव्हती, आणि मी भट्टी भराभर निववत होते.

साध्या खिडकीच्या काचेच्या बाबतीत खरी कसोटी 550 अंशांच्या आसपास लागते. तिथे काच दिसायला घट्ट असली तरी आतला ताण अजून सैल होऊ शकतो. जाडी एकसारखी नसेल तर काच दुप्पट जाड समजावी, हा ठोकताळा धरून मी आता तिथे 4 तास थांबते आणि पुढचे 70 अंश तासाला 15 अंशांच्या चालीने उतरवते. काच लवकर वाकावी म्हणून ताप वाढवणे मला पटत नाही, कारण त्यात कोरणीची धार मरते.

दुसरी थाळी कालपासून भट्टीत आहे. झाकण किलकिले करून डोकावण्याचा मोह टळावा म्हणून मी लिहायला बसले तेव्हा आकडा 71 होता. आता 64 आहे.