किलोला स्वस्त, मीटरला महाग : आमची वाटचाल

आम्ही वायरच्या वेष्टनाला लागणारं पीव्हीसी कंपाउंड, म्हणजे प्लॅस्टिकचे तयार दाणे, करतो. गोव्यात कुंडईत शेड घेतली तेव्हा आमच्याकडे एक सेकंडहँड टू रोल मिल, म्हणजे दोन रोलांमध्ये प्लॅस्टिक मळायचं मशीन, होती (मागचा रोल तेव्हाही कुरकुरायचा, आजही कुरकुरतो), एक मिक्सर आणि पार्टनरचा काचेचा ग्लास. फिलरची, म्हणजे प्लॅस्टिकमध्ये भर म्हणून घालायच्या खडूच्या पावडरीची, गोण आली की ते ग्लासभर पाण्यात चिमूटभर पावडर टाकायचे. पावडरीवर स्टिअरिक ॲसिडचं, म्हणजे पाणी न धरणारं मेणचट, कोटिंग नीट असेल तर ती वर तरंगते, नसेल तर पाणी दुधाळ करत तळाला जाते. बस, हीच आमची लॅब.

पुढची काही वर्षं नीट गेली, त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

मग आमच्याच शेडच्या लाइनीत एकजण आला आणि वायरवाल्यांना किलोमागे चार रुपये कमीने पीव्हीसी कंपाउंड द्यायला लागला. दाणे आणून बघितले तर आमची डेन्सिटी 1.42, त्याची 1.58. अहो पीव्हीसी 1.4 आणि खडू 2.7, खडू कोंबला की वजन वाढणारच! गिऱ्हाईक माल घेतो किलोने, वायर विकतो मीटरने, म्हणजे त्याच किलोत दहा टक्के मीटर कमी. हे कागदावर मांडून दाखवलं, सगळे हो हो म्हणाले आणि ऑर्डर तिकडे दिल्या.

आणि इथे मी माती खाल्ली. रेट जुळवायला कॅल्साइन्ड क्ले (भाजलेली चिनी माती) बंद केला, जो टाकतातच मुळी रेझिस्टिव्हिटी, म्हणजे वीज अडवायची ताकद, वाढावी म्हणून. कोटेड कॅल्शियमच्या (म्हणजे त्याच खडूच्या) जागी साधं, बिनकोटिंगचं घेतलं, तेही जुलैत, गोणी भिंतीला टेकवून, आणि भिंत वरून खालपर्यंत ओली. पार्टनर गावी गेले होते, ग्लासात कोणी काही टाकलं नाही. टेन्साइल (ओढ सोसायची ताकद) 12.5 न्यूटन प्रति चौ. मिमीच्या वर होतं, इलाँगेशन (तुटेपर्यंतचा ताण) 150 टक्क्यांना कसंबसं टेकलं, मी खूश. पण वायर पाण्याच्या टाकीत ठेवून मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावला तर काटा वर जाईचना. वायरच्या पीव्हीसीचं भारतीय मानक आयएस 5831, त्याला 27 डिग्रीला रेझिस्टिव्हिटी 10 चा तेरावा घात ओहम-सेंमी लागते, आम्ही आसपासही नव्हतो. पूर्ण लॉट परत आला.

चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर आणि पगाराला पैसे नाहीत. तेव्हा थिवीचे आमचे एक वायरवाले काका स्कूटरवरून आले, त्यांचाही माल त्यातच गेला होता, म्हणाले, "पात्रांव (शेठ), तुमचा जुना माल द्या, जुन्याच रेटने," आणि ॲडव्हान्स ठेवून गेले. पावतीसुद्धा मागितली नाही.

नवीन पोरांना सांगतो, पावसाळ्यात फिलर 110 डिग्रीला तासभर ठेवून आधी आणि नंतर वजन करा, जेवढं घटलं तेवढी ओल, सप्लायरच्या सर्टिफिकेटवर जाऊ नका. विचारलं नाहीत तरी सांगतो.

तो शेजारी अजून आहे. आता गार्डन पाइपचा माल करतो, त्याला मेगर कोण लावतंय.