डावी चप्पल खाणारं पिल्लू देणे आहे

पहिली जाहिरात मी लिहिली ती अशी होती, "अतिशय गोड, शांत, समजूतदार पिल्लू देणे आहे." तीन विशेषणं, त्यातलं एकच खरं. गोड तो होताच, वादच नाही, पण मी हे टाइप करत होते तेव्हा बटण टेबलाखाली बसून माझ्या डाव्या चपलेचा पट्टा तोडत होता. कायम डावीच. उजवीला कधी तोंड लावलं नाही, का ते त्यालाच माहीत.

बटण म्हणजे पावसात आमच्या जिन्याखाली सापडलेलं पिल्लू, नाक एकदम कोटाच्या बटणासारखं म्हणून बटण. एका रात्रीपुरता आणला होता (हे सगळेच म्हणतात, मीही म्हटलं). दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दात बघून सांगितलं, पाच आठवड्यांचा असेल, जंताचं औषध आत्ताच देऊ, पहिली लस पुढच्या आठ-दहा दिवसांत, तोपर्यंत बाहेर जमिनीवर सोडू नका.

ठेवून का नाही घेतला असं लोक अजून विचारतात, तर सांगते. बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू आहेत. आणि पिल्लाचे दुधाचे दात असतात 28, एकेक सुईसारखा. एरवी पिल्लं भावंडांशी मस्ती करताना चावतात, जोरात लागलं की समोरचं केकाटतं आणि खेळ थांबतो, मग हळूहळू कळतं की किती दाबायचं, म्हणून तर आठ आठवडे होईपर्यंत आई-भावंडांपासून तोडू नये म्हणतात. बटणची ती शाळाच बुडाली होती. त्याच्या हिशोबाने बाबांचा घोटा हेच भावंड. एरवी आपण फुंकर मारून सोडून देऊ एवढासा ओरखडा, आणि बाबांचं रक्त वीस मिनिटं थांबेना. दुसऱ्यांदा झालं तेव्हा बाबाच म्हणाले, "अगं लहान आहे तो, शिकेल." शिकलाही असता, पण दुधाचे सगळे दात पडून पक्के यायला पिल्लू सहाएक महिन्यांचं व्हावं लागतं आणि तोवर मी ऑफिस सोडून या दोघांच्या मधे उभी राहू शकत नव्हते. त्या रात्री मी रडले, मग जाहिरात लिहिली.

शांत-समजूतदारवाल्या जाहिरातीला मेसेज धो धो आले. ब्रीड कोणती? मेल आहे का? मोठा किती होईल? मुलाचा वाढदिवस आहे, रविवारी सकाळपर्यंत मिळेल का? एकाने तर विचारलं, गच्चीवर बांधून ठेवला तर राखण करेल ना. अहो त्याला झोपेतून उठवलं तर तो धडपडून पडतो, राखण कसली. एक गोष्ट लक्षात आली, पिल्लू दिवसभर कुणाबरोबर असणार हा प्रश्न मी विचारला की अर्धे लोक गायबच व्हायचे. बरंच झालं.

एका घराला मात्र नाही म्हणताना जीव तुटला. नवरा-बायको दोघं, बोलायला इतके छान, आणि फोनवर सांगताना त्यांचाच आवाज भरून आला की महिन्यापूर्वीच आमचं पिल्लू गेलं. कशाने गेलं विचारलं तर उलट्या आणि रक्ताची संडास, तीन दिवसांत खेळ संपला. माझ्या पोटात गोळाच आला. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, पार्वोच असावा, आणि पार्वोचा व्हायरस घरात, अंगणात महिनोन् महिने टिकतो, साध्या फिनाईलने मरत नाही, ब्लीचचं पाणी लागतं आणि मातीत तर तेही नीट पोचत नाही. लशीचे एक-दोन डोस झाले म्हणजे पिल्लू सेफ झालं असंही नाही, आईकडून आलेल्या अँटीबॉडीज लशीला नीट काम करू देत नाहीत, म्हणून तर दर तीन-चार आठवड्यांनी करत सोळा आठवड्यांपर्यंत डोस द्यायचे. त्या दोघांना हे सगळं सांगितलं, आत्ता पिल्लू नकोच, लशी पूर्ण झालेला मोठा कुत्रा घ्या म्हटलं. त्या ताई जरा वेळ काही बोलल्याच नाहीत, मग म्हणाल्या, हे आम्हाला आधी कुणीच सांगितलं नाही हो.

त्यानंतर मी जाहिरात काढली आणि नवीन लिहिली. "डावी चप्पल खाणारं पिल्लू देणे आहे. रात्री तीनला रडतो. शी-शू कुठे करायची ते अजून कळत नाही. चावतो, जोरात. लशीचे दोन डोस झालेत, पुढचे तुम्ही द्यायचे, वयात आला की नसबंदीही करायची. नाही जमलं तर रस्त्यावर सोडायचा नाही, मलाच परत आणून द्यायचा." यावर आले तीन फोन. तिसऱ्या काकूंनी पहिलंच विचारलं, "रात्री तीनला रडतो तेव्हा तुम्ही काय करता?" मी तिथेच ठरवून टाकलं. तरी घर बघून आलेच, गॅलरीला जाळी आहे का, घरातल्या सगळ्यांना हवाय का, जुना कुत्रा किती वर्षं जगला. चौदा वर्षं, म्हातारा होऊन गेला, त्यालाही आता दोन वर्षं झाली होती.

दहाव्या आठवड्यात बटण गेला. बरोबर लशीचं कार्ड, तो खातो तेच खाणं आठवडाभर पुरेल एवढं (नवीन हळूहळू मिसळत जायचं, एकदम बदललं की पोट बिघडतं), आणि तो ज्यावर झोपायचा ती माझी जुनी ओढणी, न धुता. बाबा दारापर्यंत आले, काही बोलले नाहीत, आत जाऊन पेपर वाचत बसले. पेपर कालचा होता.

पहिल्या रात्री तीनला काकूंचा फोन, रडतोय. आधी शू करवून आणा, एवढंसं पिल्लू फार वेळ धरून ठेवू शकत नाही, मग ओढणीजवळ हात ठेवून बसा, उचलू नका. दुसऱ्या रात्री तीनला फोन. तिसऱ्या रात्री साडेतीनला. चौथ्या रात्री फोन आलाच नाही, मी मात्र जागी, मोबाईल हातात. सकाळी काकूंचा फोटो आला, खाली एक शब्द नाही, नुसता चपलेचा फोटो. डावी.